पाऊस थांबल्यावर आजव्याला जाण्याआधी

मुसळधार पाऊस थांबून ऊन पडले की अनेक बडोदेकर कुटुंबे आजवा तलावाकडे किंवा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुलांवर पाणी पाहायला निघतात. पण पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे नसते. पावागडच्या बाजूला पडलेले पाणी ओढ्यांतून तलावात उतरायला वेळ लागतो, आजवा आणि प्रतापपुरा हे जलाशय भरल्यावर विसर्ग सुरू होतो आणि त्यानंतर शहरातली नदी चढते. म्हणून जायचे की नाही, हे आभाळाकडे पाहून नव्हे, तर पातळी पाहून ठरवावे.

त्यासाठी दोन आकडे लागतात : आजव्याची पातळी आणि शहरातल्या काळाघोडा पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी. पावसाळ्यात हे दोन्ही वर्तमानपत्रांत व स्थानिक वाहिन्यांवर येत असतात. काळाघोड्याजवळ धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. मात्र एकच आकडा पाहून काही कळत नाही. काही तासांच्या अंतराने दोन-तीन नोंदी कागदावर लिहून घ्याव्यात, कारण २२ फुटांवरून उतरणाऱ्या नदीपेक्षा १८ फुटांवरून झपाट्याने चढणाऱ्या नदीची धास्ती अधिक बाळगावी लागते. नदी उतरत असली तरी आजवा चढत असेल, तर बेत पुढे ढकलावा.

महिनाही लक्षात घ्यावा. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून बांधलेल्या आजवा तलावाकडून आज दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : पुराचे पाणी सामावण्यासाठी तो रिकामा हवा आणि उन्हाळ्यासाठी भरलेला हवा. त्यामुळे जलाशयांत सर्वसाधारणपणे पावसाळ्याच्या आरंभी जागा राखली जाते आणि हंगाम सरत येतो तसतशी पातळी वाढू दिली जाते. म्हणूनच जूनमध्ये जो पाऊस तलाव सहज पोटात घेतो, तेवढ्याच पावसाने भाद्रपदात विसर्ग करावा लागू शकतो. पुढे विश्वामित्री ढाढर नदीला मिळते. ढाढरही तुडुंब असेल, तर शहरातले पाणी लवकर ओसरत नाही.

काठावर पोहोचल्यावर आधी गाळाची रेघ पाहावी. पाण्याच्या वर दगडावर ओला, चकचकीत गाळ दिसत असेल, तर पाणी नुकतेच उतरले आहे. गवताची कोवळी पाती उभीच पाण्याखाली जात असतील, तर ते चढत आहे आणि तेथून ताबडतोब मागे फिरावे. उतरत्या पाण्याचा काठही भरवशाचा नसतो, कारण भिजून जड झालेली माती आधार सुटताच खचते. विश्वामित्रीच्या काठी तर मगरींचा वावर आहे आणि पुरात त्या वस्तीपर्यंत येतात. तेव्हा मुलांना पाण्याजवळ मुळीच सोडू नये. वाहते पाणी वीतभर असले तरी ते ओलांडू नये.

नौकाविहाराबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्यातल्याच हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या, तेही ऐन हिवाळ्यात, पुराचा मागमूस नसताना. क्षमतेचा फलक वाचावा, माणसे मोजावीत, प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, अंगावर मापाचे लाइफ जॅकेट पट्टे आवळून बांधले आहे का ते स्वतः ओढून पाहावे, आणि एक जरी जॅकेट कमी पडले तरी सर्वांनी उतरावे. विसर्ग चालू असताना तर नाव नकोच.

घरच्या गणपतीच्या विसर्जनासाठीही नदीकाठ टाळून महापालिकेने तयार केलेल्या कृत्रिम तलावावर जावे. कोणी पाण्यात पडलेच, तर मागोमाग उडी न घेता दोर, ओढणी किंवा लांब काठी फेकावी, रिकामा बंद कॅन हाताशी असल्यास तोही टाकावा, आणि दुसऱ्या कोणाला तरी त्याच क्षणी ११२ वर फोन करायला सांगावे.