फॅनफिकवाले आणि ओरिजिनलवाले एकाच वर्कशॉपमध्ये कसे बसवायचे

आधीच सांगते, वर्कशॉप म्हणजे कुणीतरी मोठं माणूस येऊन भाषण ठोकतं आणि आपण वहीत उतरवून घेतो, ते नाही. मी बोलतेय ते म्हणजे पाच-सहा लिहिणारे, एकमेकांचं लिखाण घरून वाचून आलेले, आणि मग त्यावर आळीपाळीने बोलणारे. आणि यात फॅनफिक लिहिणारे (म्हणजे दुसऱ्याच्या पुस्तकातली, सिनेमातली पात्रं घेऊन स्वतःची गोष्ट लिहिणारे) आणि स्वतःच्या कथा लिहिणारे, म्हणजे ओरिजिनलवाले, मुद्दाम मिसळायचे, वेगवेगळे ग्रुप अजिबात करायचे नाहीत.

का, तर दोघांची दुखणी बरोब्बर उलटी असतात. फॅनफिकवाल्याला पात्रं आयती मिळालेली असतात, वाचकाचं त्यांच्यावर आधीच प्रेम असतं, त्यामुळे कितीतरी गोष्टी कागदावर आल्याच नाहीयेत हे त्याच्या लक्षातच येत नाही. ओरिजिनलवाल्याला सतत धास्ती की वाचकाला कळणार नाही, म्हणून तो पहिल्या तीन पानांत राज्याचा इतिहास, आजोबांचं भांडण, सगळं ओतून मोकळा होतो. एकमेकांचं वाचायला दिलं की दोघांचंही पितळ पहिल्याच दिवशी उघडं पडतं. (ओरिजिनलवाल्यांनी प्लीज नाक मुरडत येऊ नका, आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या संग्रहाला २०१९ मध्ये ह्यूगो हा सायन्स फिक्शन-फँटसीतला मोठा पुरस्कार मिळालाय, आणि संवाद लिहायला काही फॅनफिकवाल्यांइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.)

एक उदाहरण देते. आमच्याकडे एकाने फॅनफिक आणलं होतं, त्यात वाक्य होतं, "त्याने खिडकीकडे बघितलं आणि त्याला पुन्हा तेच आठवलं." फँडममधल्या, म्हणजे त्या मूळ गोष्टीच्या चाहत्या असलेल्या, दोघींच्या डोळ्यात पाणी, आणि बाकी तिघं म्हणे तेच म्हणजे काय? आता वाक्याच्या जागी एक पॅराग्राफ मागची हकिकत घालणं हा सोपा उपाय होता आणि तो वाईट होता. त्याने पुढच्या खेपेला लिहून आणलं, "झोपण्याआधी त्याने खिडकीची कडी दोनदा तपासली. मग उठून तिसऱ्यांदा." बस. ज्यांना कॅनन, म्हणजे मूळ गोष्ट, माहीत नाही त्यांना कळलं की या खिडकीतून कधीतरी काहीतरी वाईट आत आलंय, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना तर आणखीच लागलं. फँडमबाहेरचा वाचक नसता तर ते "तेच" तसंच राहिलं असतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

माणसं सहा, फार तर सात. माझ्या पहिल्या वर्कशॉपला मी हौसेने अकरा जण बोलावले, वेळ लावायचं घड्याळ नाही, आणि एका कथेवरच दीड तास गेला, तिसऱ्या मुलीची कथा शेवटपर्यंत आलीच नाही, ती परत कधी आली नाही ते वेगळंच. तेव्हापासून एका बैठकीत दोनच कथा. लिखाण २५०० शब्दांच्या आत, आणि किमान आठवडाभर आधी सगळ्यांकडे पोचलेलं. तिथल्या तिथे वाचून मत द्यायला लावू नका, लोक मग पहिल्या परिच्छेदाच्या शुद्धलेखनावरच बोलतात.

कथा पाठवताना वर दोन ओळी हव्यात. फॅनफिक असेल तर कॅनन किती माहीत असायला हवं, एयू (अल्टरनेट युनिव्हर्स, म्हणजे तीच पात्रं पण वेगळ्या जगात) आहे का, आणि दोन्ही प्रकारांत हिंसा, लैंगिक अत्याचार असलं काही असेल तर आधीच सूचना. फॅनफिकच्या जगात टॅग लावायची ही सवय पक्की आहे, ओरिजिनलवाल्यांनी ती सरळ उचलावी. पण कथेचा सारांश मात्र नको, नाहीतर सारांश वाचून कळलेलं लोक कथेतून कळलं म्हणून सांगतात.

बोलण्याची पद्धत आम्ही मिलफर्डची वापरतो. १९५६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या मिलफर्ड गावात डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी सायन्स फिक्शन लिहिणाऱ्यांची बैठक सुरू केली, पद्धतीचं नाव तिथून आलं. गोल बसायचं, प्रत्येकाला चार मिनिटं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, आणि ज्याची कथा आहे त्याने अवाक्षर काढायचं नाही. सगळ्यांचं झालं की शेवटी तो बोलणार. हिशोब सोपा आहे, पाच जणांची वीस मिनिटं, मोकळी चर्चा पंधरा, लेखकाची पाच, म्हणजे कथेला चाळीस मिनिटं, दोन कथा आणि मध्ये दहा मिनिटं ब्रेक, दीड तासात घरी.

लेखकाने गप्प बसायचं याच्यावर खूप जण चिडतात, पण यामागे साधं कारण आहे, पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी तुम्ही "अहो तसं नाही, मला असं म्हणायचं होतं" करत बसणार नसता. तरी एक गोष्ट मी बदललीये, गप्प राहण्याआधी लेखकाने दोन प्रश्न विचारायचे. ही कल्पना लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेच्या पद्धतीतून घेतलीये, तिच्यात कलाकार स्वतः प्रश्न विचारतो आणि बघणारेसुद्धा मत न लादता विचारतात. फक्त प्रश्न नेमका हवा. "कशी वाटली?" हा प्रश्नच नाही. "बहीण खोटं बोलतेय हे कुठल्या ओळीला कळलं?" हा प्रश्न.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मत कसं द्यायचं. तुम्हाला वाचताना काय झालं ते सांगा, कथा कशी लिहायला हवी होती ते नको. "दुसऱ्या पानावर मी दोनदा मागे जाऊन वाचलं, कोण बोलतंय कळेना" हे सोनं आहे. "इथे फ्लॅशबॅक टाक ना" हे तुमच्या कथेबद्दल झालं, त्याच्या नाही. "ओओसी वाटलं" (आउट ऑफ कॅरेक्टर, म्हणजे पात्र स्वतःच्या स्वभावाला सोडून वागतंय) एवढंच म्हणून सोडू नका, नेमकी कुठली ओळ, आणि ते पात्र तिथे काय म्हणालं असतं असं तुम्हाला वाटत होतं तेही सांगा. ओरिजिनल कथेलाही हे लागू होतं बरं का, पात्र पाचव्या पानावर स्वतःच्याच पहिल्या पानाशी विसंगत वागलं तर तेही ओओसीच. गुळमुळीत कौतुक तर कुणाच्याच कामाचं नाही, आवडलं असेल तर वाक्यावर बोट ठेवून सांगा.

वेळ उरला तर दोन छोटे सराव. एक, संवादाचा सीन घ्या, सगळी नावं आणि "तो म्हणाला, ती म्हणाली" खोडा, आणि दुसऱ्याला वाचायला द्या, कोणती ओळ कुणाची ते ओळखता आलं नाही तर सगळी पात्रं तुमच्याच आवाजात बोलतायत. दुसरा ड्रॅबल, म्हणजे बरोब्बर १०० शब्दांची गोष्ट, ९९ नाही आणि १०१ नाही. शंभराव्या शब्दाला पोचेपर्यंत किती विशेषणं उडतात ते बघाच.

दोन नियम मात्र कडक ठेवा. इथलं लिखाण बाहेर कुणाला फॉरवर्ड करायचं नाही, स्क्रीनशॉटसुद्धा नाही. आणि फॅनफिक विकायचं नाही, पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत. कुणाला ती कथा ओरिजिनल करून छापायची असेल तर नुसती नावं बदलून भागत नाही, त्या जगाचे नियम, पात्रांचा भूतकाळ सगळं पाडून परत बांधावं लागतं, आणि त्यासाठी ओरिजिनलवाले शेजारीच बसलेले असतात, त्यांना पकडा.

बैठक झाल्यावर दोन दिवस फाइल उघडू नका. मग सगळ्यांच्या नोट्स एकत्र लावा. तिघांनी एकाच जागी खूण केली असेल आणि तिघांचे उपाय तीन दिशांना जात असतील, तर उपाय तिन्ही फेका, पण जागा तीच आहे, तिथेच काहीतरी बिघडलंय. एकट्याचीच खूण असेल तर ती बाजूला लिहून ठेवा, पुढच्या ड्राफ्टला बघा. आणि पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं मागच्या लेखकाला द्या, बदललेला एकच परिच्छेद वाचून दाखवायला, त्यावर चर्चा नाही, फक्त ऐकायचं.