मामांची रिळं आणि हरवलेला हशा

माझे मामा मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होते. शॉर्टवेव्हवर बीबीसीचा विनोदी कार्यक्रम लागला की तो टेपवर उतरवून घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. ते गेल्यावर २६ रिळं आणि चाळीसेक कॅसेट्स माझ्याकडे आल्या. त्या वाचवताना जे शिकले, ते सांगते.

आवाज खरखरतो म्हणून टेप टाकून देऊ नका. बीबीसीच्या 'द गून शो' या विनोदी मालिकेच्या (१९५१ ते १९६०) ज्या प्रती परदेशी केंद्रांना विकल्या गेल्या, त्यांतले काही संवाद कापलेले असत. 'हॅनकॉक्स हाफ अवर' या दुसऱ्या विनोदी मालिकेचे कित्येक भाग तर खुद्द बीबीसीकडे उरले नाहीत. त्यातला १९५५चा 'द मॅरेज ब्यूरो' सापडला तो कुणीतरी घरी रेडिओवरून उतरवून घेतलेल्या टेपवर. म्हणून बाजारात स्वच्छ प्रत मिळत असली, तरी तुमच्या घरची टेप पूर्ण ऐका. कापलेली दोन मिनिटं कदाचित तिच्यातच असतील.

टेपवर तारीख नसेल तर तासाचे पीप, म्हणजे तास भरताना रेडिओवर वाजणारे वेळेचे इशारे, शोधा. बीबीसीचे सहाही पीप आखूड असतील, तर रेकॉर्डिंग १९७२ पूर्वीचं. शेवटचा लांब असेल, तर त्यानंतरचं. मग 'बीबीसी जीनोम'वर जा. तिथे 'रेडिओ टाइम्स'मधल्या १९२३ ते २००९ पर्यंतच्या कार्यक्रमांच्या याद्या आहेत. नट, पात्रं, कथानकातला एखादा शब्द, काहीही टाकून बघा. पुनःप्रक्षेपणं लक्षात घ्या, नाहीतर तारीख चुकते.

वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही खुंट्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होणार नाही. रिळाचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आला तर ती ॲसिटेटची टेप आहे आणि कुजायला लागली आहे. तिचा नंबर पहिला लावा. वाजताना टेप किंचाळली, हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकटा साठला, तर तिथेच थांबा. अशा टेपला ठरावीक तापमानात शेकावं लागतं. ते काम जाणकारांकडेच द्या. ॲसिटेटची टेप मात्र कधीच शेकायची नाही.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत 'स' आणि 'श' सर्वांत स्पष्ट कधी ऐकू येतात ते कानाने पकडा. प्रत्येक टेपसाठी हे नव्याने करावं लागतं. कंटाळा येतो, पण निम्मा आवाज इथेच परत मिळतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, वेव्ह फाईलमध्ये करा. आवाजाची पातळी संवादावर ठरवू नका, सर्वांत मोठ्या हशावर ठरवा. नाहीतर नेमका तोच फाटतो. वेग तपासायलाही पीप कामी येतात. ते १००० हर्ट्झचे असतात. तुमच्याकडे ९७० दिसले तर टेप ३ टक्के संथ चालली आहे.

आता माझी चूक. पहिल्या रिळाची खरखर मी सॉफ्टवेअरने काढली आणि मूळ फाईलवरच सेव्ह केली. टाळ्या पाण्याखालून आल्यासारख्या झाल्या, कारण टाळ्या आणि खरखर यांतला फरक सॉफ्टवेअरला नीट कळत नाही. विनोदाआधीचा श्वासही गेला, आणि तो विनोदाचाच भाग असतो. ते रीळ दुसऱ्यांदा वाजवताना तुटलं. तेव्हापासून मूळ फाईलला मी हात लावत नाही. साफसफाई फक्त नकलेवर.

तीन प्रती ठेवा, एक दुसऱ्या घरात. मूळ टेप उभी, कोरड्या जागी. हक्क लेखक-प्रसारकांचे असतात, म्हणून नेटवर टाकण्याऐवजी आधी प्रसारकाच्या संग्रहालयाला कळवा.

डब्यांचे फोटोही काढा. मामांच्या एका डब्यावर पेन्सिलीने लिहिलंय, 'वादळ. नवव्या मिनिटाला आवाज गेला.' फाईलच्या माहितीत मी ते तसंच उतरवलं आहे.