उलटीचं इंजेक्शन कधी द्यायचं?

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशननंतर मळमळ-उलटीचा त्रास वरचेवर दिसतो. औषधं ठरलेली असतात, चुकते ती वेळ. प्रत्येक औषधाची वेळ वेगळी असते आणि ती रुग्ण जागा कधी होणार तिथून मागे मोजत ठरवायची असते.

भूलपूर्व तपासणीत चार गोष्टी पाहा: स्त्री आहे का, धूम्रपान न करणारी आहे का, आधी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा प्रवासात होतात का, आणि ऑपरेशननंतर मॉर्फिन-ट्रॅमाडॉलच्या गटातलं वेदनाशामक लागणार आहे का. प्रवासाचं विचारताना ‘घाटात गाडी लागते का?’ असंच विचारा, उत्तर नीट मिळतं. यातलं काहीच लागू नसेल तर उलटीची शक्यता साधारण 10 टक्के, चारही असतील तर 80 टक्क्यांच्या आसपास. एक-दोन गोष्टी असल्या तर वेगवेगळ्या गटांतली दोन औषधं, त्याहून जास्त असल्या तर तीन किंवा चार. (इथले सगळे डोस प्रौढांचे आहेत, अंतिम निर्णय भूलतज्ज्ञांचा.)

अ‍ॅप्रेपिटंट वापरायचं असेल तर 40 मिलिग्रॅमची कॅप्सूल भूल देण्याआधीच्या तीन तासांत, घोटभर पाण्याबरोबर. यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. पुढचे 28 दिवस दुसरं साधनही वापरायला हवं, हे रुग्णाला सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं.

डेक्सामेथासोन 4 ते 8 मिलिग्रॅम, रुग्ण झोपल्यावर लगेच. परिणाम दिसायला सुमारे दोन तास लागतात, म्हणून शेवटी देऊन उपयोग नाही. जागेपणी भरकन दिलं तर गुप्तांगाजवळ असह्य जळजळ होते. मधुमेह असेल तर नंतर साखर तपासत राहा.

सर्वाधिक गोंधळ ऑन्डान्सेट्रॉनचा. सवयीने ते भूल देण्यापूर्वीच टोचलं जातं. त्याचं रक्तातलं प्रमाण तीन-चार तासांत निम्म्यावर येतं. ऑपरेशन लांबलं तर रिकव्हरीत, नेमकी गरज असते तेव्हा, जोर ओसरलेला असतो. पित्ताशय बाहेर आलं, टाके सुरू झाले की 4 मिलिग्रॅम शिरेतून, दोन ते पाच मिनिटांत सावकाश द्या. ईसीजीत क्यूटी (प्रत्येक ठोक्याला हृदयाचं विद्युत-चक्र पूर्ण व्हायला लागणारा वेळ) लांबलेला असेल तर टाळा. पॅलोनोसेट्रॉन मात्र सुरुवातीलाच, 0.075 मिलिग्रॅम; ते दीड दिवसाहून जास्त टिकून राहतं.

एवढं करूनही वॉर्डात उलटी झाली तर आधी रक्तदाब, वेदना आणि पोटफुगी तपासा. मग केसपेपरवर कोणतं औषध किती वाजता दिलं ते बघा. सहा तासांच्या आत त्याच गटातलं औषध पुन्हा दिल्याने फारसा फायदा होत नाही, गट बदला. मेटोक्लोप्रमाइड 10 मिलिग्रॅम हाताशी असतं, पण या डोसला ते दुबळंच. सहा तास उलटून गेले असतील तर ऑन्डान्सेट्रॉन पुन्हा देता येतं. डेक्सामेथासोन आणि पॅलोनोसेट्रॉन पुन्हा देऊ नका, त्यांचा परिणाम अजून चालूच असतो.