कोलोनोस्कोपीची तयारी: तांब्यावर तांबे साधं पाणी नको

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. तिच्याआधी जुलाबाचं औषध घेऊन पोट साफ करावं लागतं. पोट साफ होताना जुलाबांतून पाण्याबरोबर क्षारही जातात. भरपाई म्हणून आपण साधं पाणी पीत सुटतो. पण मळमळीमुळे आणि अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे शरीर पाणी धरून ठेवायच्या तयारीत असतं, जादा पाणी लघवीवाटे जात नाही. मग रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली घसरतं. आधी डोकं दुखतं, उलट्या होतात, मग माणूस असंबद्ध बोलू लागतो, कधी फिटही येते. वयस्कर बायकांना आणि बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. गोळ्यांच्या पट्ट्या घेऊनच डॉक्टरांकडे जा, परस्पर काही बंद करू नका. मधुमेहाच्या 'फ्लोझिन' गोळ्या (डापाग्लिफ्लोझिनसारख्या, नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असलेल्या) साधारण 3 दिवस आधी थांबवतात, तेही विचारून घ्या. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आधीच तपासलेलं बरं.

औषधांत पॉलिइथिलीन ग्लायकॉलची क्षारयुक्त पावडर सगळ्यात सांभाळून घेणारी. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. चव लागत नाही म्हणून साखर टाकू नका: ग्लुकोज आतड्यातून सोडियम आणि पाणी आत ओढतं, आणि पावडरचा तोल जमवलेला असतो तोच बिघडतो. दर 10-15 मिनिटांनी एक पेला, साधारण 200-250 मिली. मळमळलं तर अर्धा तास थांबा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या 4-6 तास आधी घ्या. 2 तास आधी पिणं पूर्ण बंद.

फॉस्फेटचं द्रावण कमी प्यावं लागतं म्हणून लोकांना आवडतं, पण त्याने कॅल्शियम खाली येतं आणि मूत्रपिंडाला कायमची इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्येच तसा कडक इशारा दिला. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॅग्नेशियमवालं पिकोसल्फेटही नको.

मधल्या वेळात ओआरएस (पाकीट बहुधा 1 लिटरचं असतं, अर्धं-अर्धं करू नका), मीठ-साखर घातलेलं गाळलेलं लिंबू सरबत, निवळ सूप चालतं. ताक, दूध, लाल सरबत नको. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, मूत्रपिंडाच्या रुग्णाने टाळावं.

प्यायलेला प्रत्येक पेला कागदावर मांडा, औषध वेगळं, साधं पाणी वेगळं. गोंधळल्यासारखं वाटलं, चक्कर आली, छाती धडधडली, उलट्या थांबेनात, तर पुढचं पिणं थांबवून थेट दवाखाना गाठा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या.