तेलसाठ्यामागचा नैसर्गिक जोर कसा ओळखावा

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला बोअरचा हिशेब तोंडपाठ असतो. मोटर किती तास चालली, पातळी कुठे गेली, पावसाळ्यानंतर किती वर आली. नाशिकहून पेट्रोलियम इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्यांनी ही हिशेबाची सवय सोबत न्यावी, पावसाळा मात्र इथेच ठेवावा. तेलाच्या साठ्यात पुनर्भरण होत नाही. तिथे दाब उतरला की काहीतरी फुगतं आणि ते फुगणारं तेलाला विहिरीकडे ढकलतं. ते नेमकं काय आहे हे शोधण्यालाच ड्राइव्ह ओळखणं म्हणतात.

उमेदवार मोजकेच आहेत: तेल व खडक स्वतः, तेलात विरघळलेला वायू, तेलावर बसलेली मोकळ्या वायूची टोपी म्हणजे गॅस कॅप, आणि खालून किंवा कडेने भिडलेलं पाणी म्हणजे अ‍ॅक्विफर. थर तिरका आणि खडक मोकळा असेल तर गुरुत्वाकर्षणही मदतीला येतं. बहुतेक साठ्यांत यातले दोन-तीन एकत्र काम करतात, म्हणून ‘कोणता’ यापेक्षा ‘किती’ हा प्रश्न जास्त कामाचा.

आधी आकडे स्वच्छ करा

प्रत्येक विहिरीचं दरमहा तेल, वायू आणि पाणी, ठराविक काळाने मोजलेला साठ्याचा दाब, आणि तेलाच्या नमुन्याचा पीव्हीटी अहवाल (दाब-तापमानानुसार घनफळ कसं बदलतं याची चाचणी) एवढं हवं. चुका बहुधा तीन ठिकाणी होतात.

पहिली दाबात. वाहत्या विहिरीचा तळदाब म्हणजे साठ्याचा दाब नव्हे. विहीर बंद ठेवून दाब स्थिरावू द्यावा लागतो. चांगल्या खडकात एक-दोन दिवस पुरतात, घट्ट खडकात कितीतरी जास्त लागतात. घाईने घेतलेलं माप कमी येतं आणि साठा आहे त्यापेक्षा थकलेला दिसतो.

दुसरी खोलीत. सगळे दाब एकाच खोलीवर आणा. खोलीनुसार वाढणारा तेलाचा दाब फुटाला साधारण 0.35 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) धरला, तर 100 फुटांच्या फरकाने 35 पीएसआय इकडचे तिकडे होतात. सुरुवातीच्या काळात एकूण घसरणच 200-300 पीएसआय असते, तेव्हा ही चूक निकाल फिरवते.

तिसरी वायूत. विहीर गॅस लिफ्टवर (तेल वर आणायला वायू आत सोडण्याची पद्धत) असेल तर वर आलेल्या वायूतून आत सोडलेला वायू वजा करा. हे विसरलं की निरोगी साठासुद्धा वायूने फुटल्यासारखा दिसतो.

तीन रेघा एकाखाली एक

आता काळाच्या अक्षावर दाब, वायू-तेल गुणोत्तर (जीओआर) आणि वॉटर कट (निघालेल्या द्रवातला पाण्याचा वाटा) एकाखाली एक काढा. एकेकटी रेघ वाचून निष्कर्ष काढू नका.

दाब झपाट्याने पडतोय, पाणी जवळजवळ नाही, जीओआर सपाट आहे: दाब अजून बबल पॉइंटच्या (ज्या दाबाला तेलातला वायू सुटू लागतो) वर आहे आणि फक्त तेल व खडक फुगत आहेत. बबल पॉइंट ओलांडल्यावर विरघळलेला वायू बाहेर पडू लागतो, पण सुटे बुडबुडे खडकातच अडकून राहतात. म्हणून जीओआर आधी किंचित खाली येतो. या टप्प्यावर ‘साठा सुधारला’ असं वाटून घेऊ नये. बुडबुडे एकमेकांना जोडले गेले की वायू तेलापेक्षा वेगाने पळतो, जीओआर कित्येक पट चढतो, आणि शेवटी वायू संपत आला की कोसळतो. या ड्राइव्हवर निसर्गतः हाती येणारं तेल ढोबळमानाने 5 ते 30 टक्के.

गॅस कॅप असेल तर दाब सावकाश उतरतो आणि जीओआर आधी रचनेच्या वरच्या भागातल्या विहिरींत चढतो (20 ते 40 टक्के). जोमदार पाणी असेल तर दाब टिकून राहतो, जीओआर फारसा हलत नाही, आणि पाणी आधी खालच्या विहिरींत येऊन क्रमाने वर सरकतं (35 ते 75 टक्के). म्हणून विहिरींची यादी खोलीच्या क्रमाने लावा, नावांच्या नव्हे. मधल्याच एखाद्या विहिरीत अचानक पाणी आलं तर तो ड्राइव्ह नसून कोनिंग (विहिरीच्या ओढीने खालचं पाणी शंकूसारखं वर येणं) किंवा केसिंगमागच्या खराब सिमेंटमधून झालेली गळती असू शकते. वॉटर कट वाढला म्हणजे वॉटर ड्राइव्ह, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. सोबत दाब टिकलेला नसेल तर ते विधान करू नये.

मग घनफळाचा हिशेब

आलेख संशय घेतात, निकाल हिशेब देतो. बबल पॉइंटच्या वरच्या साठ्याचं कल्पित उदाहरण घ्या. जागेवरचं तेल 10 कोटी बॅरल, खडकाच्या छिद्रांत 75 टक्के तेल आणि 25 टक्के पाणी. दर पीएसआयला दशलक्षांश भागांत संकोचनीयता: तेल 12, पाणी 3, खडक 4. भारित बेरीज 9 + 0.75 + 4 = 13.75. तिला तेलाच्या वाट्याने, म्हणजे 0.75 ने भागलं की सुमारे 18.3. दाब 500 पीएसआय उतरला तर फुगण्याने बाहेर यावं 0.9 टक्के, म्हणजे जेमतेम 9 लाख बॅरल.

प्रत्यक्षात 30 लाख निघाले असतील तर उरलेले 21 लाख कोणी ढकलले? पाण्याने, किंवा तुमचा 10 कोटींचा अंदाजच तिप्पट चुकला. दोन्हींची लक्षणं सारखी असतात. फरक काळ सांगतो. प्रत्येक दाबमापनाच्या तारखेला उलटा हिशेब करून जागेवरचं तेल काढा: निघालेल्या द्रवाचं साठ्यातलं घनफळ, निघालेल्या पाण्यासकट, भागिले फुगण्याची क्षमता. उत्तर दरवेळी तेच आलं तर साठा बंदिस्त आहे आणि तोच खरा आकडा. उत्तर वाढत गेलं तर पाणी आत येत आहे. सुरुवातीच्या दोन-चार बिंदूंवर विसंबू नका, घसरण लहान असताना मापातली छोटी चूकही मोठी होते.

अ‍ॅक्विफरचा आकारही तपासून पाहा. विरघळलेल्या वायूमुळे तेल साठ्यात जास्त जागा व्यापतं. ते 1.3 पट धरलं तर 21 लाख बॅरलचे साठ्यात 27.3 लाख. पाणी आणि खडक मिळून 7 दशलक्षांश, 500 पीएसआयला 0.35 टक्के. म्हणजे किमान 78 कोटी बॅरल पाणी हवं, तेलथराच्या छिद्रांच्या साडेचार पट. भूगर्भ नकाशात तेवढा सच्छिद्र थर मावत नसेल तर हिशेबात कुठेतरी खोट आहे.

पाणी सावकाश येतं, हेही धरा. टेक्सासच्या पूर्वेला 1930 साली सापडलेल्या ईस्ट टेक्सास क्षेत्रामागे वुडबाइन वाळूतलं प्रचंड पाणी होतं. तरी सुरुवातीच्या बेसुमार उपशाने दाब घसरलाच. पुढे उत्पादनावर मर्यादा आल्या आणि निघालेलं खारं पाणी परत खाली सोडलं गेलं. उपसा कमी केल्यावर दाब सावरतो का, हीच अ‍ॅक्विफरची उत्तम परीक्षा.

वायूसाठा असेल तर

इथे नियम उलटतो. बंदिस्त वायूसाठ्यातून 80-90 टक्के वायू मिळू शकतो, कारण वायू स्वतःच भरपूर फुगतो. पाणी घुसलं तर ते वायूला मागे कोंडून ठेवतं आणि वसुली खूप कमी होते. दाब भागिले झेड (वायू आदर्श वायूपेक्षा किती वेगळा वागतो तो गुणक) विरुद्ध एकूण उत्पादन असा आलेख काढा. सरळ रेघ म्हणजे बंदिस्त साठा, असं पुस्तक सांगतं. पण पाण्याचा आधार असतानाही सुरुवातीचे बिंदू अगदी सरळ दिसतात, फक्त उतार मंद असतो, आणि रेघ पुढे वाढवली की साठा खऱ्यापेक्षा मोठा निघतो. म्हणून सोबत कोलचा आलेखही काढा. त्यात उत्पादन गुणिले बीजी (पृष्ठभागावरचा एकक वायू साठ्यात व्यापतो ते घनफळ), भागिले बीजीतली वाढ, हे एकूण उत्पादनासमोर मांडतात. आडवी रेघ आली तर साठा बंदिस्त, चढती किंवा कमानीसारखी आली तर पाणी शिरतंय. तसं दिसल्यास खालच्या विहिरींच्या पाण्यातले क्षार दरमहा तपासा. वायूतल्या वाफेचं बनून वर येणारं पाणी जवळजवळ गोडं असतं, अ‍ॅक्विफरचं बहुधा खारं, त्यामुळे क्लोराइड चढू लागणं ही पाणी पोचल्याची सूचना असते.