साथीच्या काळात एचआरने आधी काय करावं

साथ आली की पहिलं काम रजेचं. पगार कापला जाईल या भीतीने माणूस ताप अंगावर काढतो, गोळी घेऊन कामावर येतो आणि शेजारच्या चौघांना आजार देऊन जातो. म्हणून आजारपणाची रजा भरपगारी करा, पहिल्याच दिवशी डॉक्टरचा दाखला मागू नका. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीच संसर्ग पसरू शकायचा. त्यामुळे संपर्कात आलेल्यालाही घरी बसवावं लागतं. त्याची रजा कुठल्या खात्यात धरायची, हे आधीच ठरवून सगळ्यांना लेखी कळवा.

आजारी माणसाला फोन एकानेच करावा. नाहीतर मॅनेजर, टीम लीड, अ‍ॅडमिन सगळेच 'कसं वाटतंय?' विचारतात आणि तो बिचारा खोकत खोकत तेच तेच सांगत बसतो. मी एवढंच विचारते: घरी सोबत कोण आहे, जेवण-औषध कोण आणून देतंय, विम्याचं कार्ड हाताशी आहे का. 'जॉइन कधी होणार?' हा प्रश्न त्या फोनवर नकोच. आजाराचं नाव टीमच्या ग्रुपवर टाकायचं नाही, सहानुभूतीपोटीसुद्धा नाही.

ऑनलाइन योगवर्ग वगैरे नंतर बघा (मला त्यांचं फारसं कौतुक नाही). आधी मिटिंगा कमी करा.

ज्यांना घरून काम जमणारच नाही, त्यांना चांगले मास्क, खेळती हवा आणि दोन शिफ्टमध्ये अंतर द्या.

आणि विम्यातल्या वारसाच्या नोंदी आत्ताच तपासा. कुणी दगावलं तर घरच्यांना फॉर्म पाठवू नका, शक्य तेवढा तुम्हीच भरून फक्त सहीसाठी न्या.