ओल्या-सुक्या सुती पट्टीतून वीज: मनगटावर बांधायचा जनित्र

सुती कापडाला कार्बनचा थर द्यायचा आणि एकच टोक ओलं ठेवायचं. पाण्यातले धन आयन (धन विद्युतभार असलेले कण) कार्बनच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि ओल्या-सुक्या टोकांमध्ये व्होल्टेज उभं राहतं. सगळा खेळ या फरकाचा, त्यामुळे सोलापूरचा कोरडा उन्हाळा इथे कामी येतो.

कापड पातळ, साध्या विणीचं घ्या. आपला टॉवेल आणि चादर दोन्ही बाद: पाणी धरून ठेवतात, वाळत नाहीत. लूमवरचं कोरं कापड असेल तर खळ काढावीच लागेल. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर टाकून तासभर उकळा, खळखळून धुवा. थेंब टाकताच पसरला तर ठीक, गोळा होऊन बसला तर पुन्हा उकळा. मग 9 बाय 1.5 सेंटिमीटरच्या 6 पट्ट्या कापा.

कार्बनच्या थरासाठी शाई: 100 मिली डिस्टिल्ड वॉटर, 1 ग्रॅम वाहक प्रतीचा कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी, काजळीसारखी बारीक पूड), चिमूटभर डिटर्जंट. नळाच्या जड पाण्यात कार्बनच्या गुठळ्या होतात. पूड हलकी असते, मास्क लावा. पट्टी बुडवून आडवी वाळवा. टांगली तर शाई खाली उतरते. टोकापासून टोकापर्यंत मल्टिमीटरवर 100 किलोओहमच्या आसपास रोध (विजेला होणारा अडथळा) येईपर्यंत पुन्हा बुडवा. रोध फार कमी झाला तर पट्टी आतल्या आत शॉर्ट होते, फार वाढला तर करंट मरतो.

जोडणीला ग्राफाइट फॉइल वापरा. तांब्याची तार ओल्या टोकाला लागली की गंजते, आणि मीटर त्या गंजण्याचीच वीज दाखवतो. इथे बहुतेक जण फसतात.

50 मिली पाण्यात 10 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवून 0.25 मिली फक्त एका टोकाला द्या. हे मीठ हवेतली ओल ओढतं. एका पट्टीवर साधारण अर्धा व्होल्ट आणि काही मायक्रोअँपियर मिळतात. सहा पट्ट्या सिरीजमध्ये जोडून 100 मायक्रोफॅरडचा कमी गळतीचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) भरा, आणि बटणातून त्याला लाल एलईडी जोडा. बटण दाबलं की एलईडी क्षणभर चमकेल. सलग उजेडाची अपेक्षा ठेवू नका.

मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की मीठही हात टेकतं, अधूनमधून थेंब द्या. पावसाळ्यात उलट: अख्खी पट्टी ओलावते, व्होल्टेज शून्यावर येतं. तेव्हा मीठ वगळून साधं पाणी द्या. मनगटावर बांधताना खाली प्लास्टिकचा पातळ थर हवाच, या मिठाने कातडी चुरचुरते. वरची बाजू मात्र उघडी ठेवा.